वसंतअण्णांच्या गाडीचं हेड

घरी पाहुणे येतात आणि "तुम्ही नेमकं काय काम करायचात?" असं विचारतात, तेव्हा मी बायकोला आतून कुकर आणायला सांगतो. ती कपाळाला हात लावते, पण आणते. कुकरचं भांडं म्हणजे इंजिनाचा ब्लॉक, झाकण म्हणजे हेड आणि मधलं रबर म्हणजे गॅस्केट. आतला जोर बाहेर निसटू द्यायचा नाही, हे झाकणाचं काम. कुकरात वाफ असते आणि इंजिनात पेट्रोलचा भडका, तोही मिनिटाला हजारो वेळा. शिवाय हेडमध्ये हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात, भोवती पाणी खेळायच्या वाटा असतात. एवढं ऐकून पाहुणे मान डोलावतात आणि कुकर परत जातो.

आमच्याकडे एक कुकर तीन लिटरचा आहे आणि एक पाच लिटरचा. दोघांचं तोंड एकाच मापाचं, त्यामुळे बायको त्यांची झाकणं बिनदिक्कत बदलते आणि भात काही बिघडत नाही. जुन्या गाड्या बनवणाऱ्यांनीही असंच केलं होतं. एकाच घडणीची दोन इंजिनं काढायची, एक लहान आणि एक मोठं, आणि बोल्टांची भोकं दोघांना सारखीच ठेवायची. त्यामुळे मोठ्याचं हेड लहानावर बसतं. पण बसलं म्हणजे चाललं असं नाही, हे शिकण्यात माझी चाळीस वर्षं गेली.

माझं शेड कलासिपाळ्याच्या एका मागच्या गल्लीत होतं. आता तिथे बॅटऱ्यांचं दुकान आहे आणि मी के. आर. पुरमला मुलाकडे राहतो. आमचं घराणं चार पिढ्या बेंगळूरचं. आमच्या मराठीला पुण्याचे लोक हसतात आणि आमच्या कन्नडला इथले, त्यामुळे मी बोलण्यापेक्षा हातातल्या पान्यावर जास्त भरवसा ठेवला. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी गमतीदार गिऱ्हाइकांबद्दल लिहा, असा निरोप आला. गमतीदार गिऱ्हाईक एक सांगतो, कारण त्याच्याशिवाय दुसऱ्याची गोष्ट कळणार नाही. दुसरी गोष्ट मात्र गमतीची नाही.

पहिला निखिल. पुण्याहून आलेला, मारतहळ्ळीत राहणारा, कॉम्प्युटरवर काम करणारा मुलगा. त्यानं हौसेनं एक जुनी दोन दारांची गाडी घेतली होती, लहान इंजिनाची. एका रविवारी सकाळी त्याचा फोन आला.

"काका, इंटरनेटवरून मोठ्या इंजिनाचं हेड मागवलं. स्वतः बसवलं. सगळे बोल्ट्स परफेक्ट अलाइन झाले. फक्त स्टार्टर मारला की टक् आवाज येतो आणि इंजिन जॅम होतं."

त्यातला तो 'फक्त' मला फार आवडला. मी जाऊन हेड उतरवलं तर दोन व्हॉल्व्ह वाकलेले. मोठ्या इंजिनाचे व्हॉल्व्ह मोठे असतात आणि लहान इंजिनाचं सिलिंडर अरुंद. व्हॉल्व्ह उघडायला खाली येतो आणि त्याची कड ब्लॉकच्या काठावर आपटते. घोडं पेंड खातं ते इथं. त्यावर उपाय आहे. ब्लॉकच्या काठाला चंद्रकोरीएवढी खाच पाडायची. मग दुसरी अडचण उभी राहते. मोठ्या हेडच्या आतली खोलगट जागाही मोठी असते, त्यामुळे पेट्रोलची हवा पुरेशी दाबली जात नाही आणि गाडी आजारी माणसासारखी चालते. ती जागा मोजायला मी डॉक्टरी सिरिंज आणि रॉकेल वापरायचो. हेड उलटं ठेवायचं, वर भोक पाडलेली काच ठेवायची, आणि भोकातून किती रॉकेल मावतं ते बघायचं. मग मशीनवर हेडचा तळ केसाएवढा घासून घ्यायचा, पुन्हा मोजायचं, पुन्हा घासायचं.

निखिलनं सगळं मोबाइलवर टिपून घेतलं आणि म्हणाला, "काका, जुनंच लावा." मी त्याचं जुनं हेड परत बसवलं. मोठं हेड त्यानं माझ्याकडेच ठेवलं. मी त्याचे व्हॉल्व्ह बदलून, ते गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवून दिलं.

आता माझ्या शेडातला एक नियम सांगायला हवा. माझे उस्ताद नबीसाहेब. त्यांच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली. तडा गेलेलं हेड त्यांनी कधी अख्खं बाहेर जाऊ दिलं नाही. तडा मातीनं, रंगानं बुजवून असं हेड कुणातरी भोळ्याला विकणारे लोक बाजारात तेव्हाही होते, आजही आहेत. उस्ताद म्हणायचे, "मरा सो माल फोड के फेंकना, नै तो किसी गरीब के गले पड़ता." म्हणून ते घण घेऊन हेड फोडायचे, तेही गिऱ्हाइकासमोर. जुनी हेडं बिडाची असतात, दोन-तीन घावांत दुभंगतात. उस्ताद गेल्यावर मी तो नियम जपला. बाजारात मला त्याचा मान होता आणि मला त्या मानाची चटक होती, हेही कबूल करतो.

शैलाअक्का आल्या त्या निखिलच्या गाडीसारखीच लहान इंजिनाची जुनी गाडी टेम्पोला दोरीनं बांधून, ओढून आणत. बाई साठीच्या, हेब्बाळला राहणाऱ्या, आमच्यासारख्याच इथल्या जुन्या मराठी घरातल्या. गाडी त्यांच्या वडिलांची. रेडिएटरमध्ये पाणी नाही हे न बघता अक्कांनी ती चालवली, इंजिन तापलं आणि हेडला तडा गेला.

"मेस्त्री, दोन दिवसांत होईल का? स्वल्प लवकर बघा की. अण्णा जेवत नाहीयेत."

"गाडीचा आणि जेवणाचा काय संबंध, अक्का?"

त्या शेडातल्या बाकावर बसल्या आणि सांगू लागल्या. वडील वसंतअण्णा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, वय शहाऐंशी. रोज संध्याकाळी ते आणि त्यांची बायको गाडी घेऊन तळ्याकाठी जात, आणि गाडीत बसूनच डब्यातलं खात. तीन वर्षांपूर्वी बायको गेली आणि पाठोपाठ अण्णांची आठवण विझत गेली. आधी नावं गेली, मग माणसं. मुलीला ते आता 'बाई' म्हणत. घरात ताट पुढे केलं की तोंड घट्ट मिटून घेत. एकदा अक्कांनी सहज त्यांना गाडीत बसवलं, गाडी चालू केली आणि अण्णांनी हात पुढे केला, "डबा काढ." त्या दिवशी त्यांनी वाटीभर दहीभात खाल्ला. तेव्हापासून दीड वर्ष ते रोज फक्त त्या गाडीत, इंजिन चालू असताना जेवत होते.

"परवापासून पाण्याशिवाय पोटात काही नाही," अक्का म्हणाल्या. "चूक माझी आहे. पाणी बघायला हवं होतं मी."

मी हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बारीक तडा होता. इथल्या शिवाजीनगरात एक म्हातारा कारागीर अशा तड्याला टाके घालून बीड सांधायचा, पण त्याला पंधरा दिवस तरी लागत. तसंच लहान हेड बाजारात कुठे नव्हतं. आणि फळीवर निखिलचं मोठं हेड होतं.

खरं सांगायचं तर मला मोह पडला. निखिलकडून जे फसलं ते करून दाखवायची ही संधी होती. शेड बंद करायचं मी ठरवलेलंच होतं. जाता जाता एक देखणं काम हातून होईल, असं मनात आलं. मी अक्कांना म्हटलं, "तिसऱ्या दिवशी गाडी घ्या. आधी होती त्याच्यापेक्षा चांगली चालेल."

त्या निघताना जमिनीवरच्या जुन्या हेडकडे बघून म्हणाल्या, "हे मी घरी नेऊ का? अण्णांची वस्तू आहे."

मी त्यांना उस्तादांचा नियम सांगितला. चांगलं पाच मिनिटं भाषण केलं. मग घण उचलला आणि तीन घावांत त्याचे तुकडे केले. अक्का दचकल्या, पण म्हणाल्या, "सरी, बरं, तुमचं काम तुम्हाला ठाऊक." मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला तेव्हा.

पुढचे दोन दिवस मी जेवण विसरून काम केलं. ब्लॉकला चार खाचा पाडल्या, एकसारख्या. हेड तीनदा घासलं, तीनदा मोजलं, चारही खोलगट जागांत थेंबाचा फरक राहिला नाही. तिसऱ्या दिवशी चावी फिरवली आणि इंजिन असं लागलं, की बॉनेटवर ठेवलेला पाण्याचा ग्लास हलेना. लहान इंजिनाची ती गाडी इतकी मऊ कधीच चालली नसेल. मी स्वतः ती चालवत हेब्बाळला नेली.

वसंतअण्णा व्हरांड्यात उभे होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, आणि गळ्याची हाडं वर आलेली. गाडी बघून ते लगबगीनं आले, दाराला हात लावला, आत बसले, सीटवरून हात फिरवला. मला हायसं वाटलं. अक्का डबा घेऊन शेजारी बसल्या. मी चावी फिरवली. अण्णा समोर बघत थांबले. थोड्या वेळानं म्हणाले, "चालू करा ना."

"चालू आहे, अण्णा."

त्यांनी मान तिरकी करून ऐकलं. आयुष्यभर तारांमधली खरखर ऐकलेला माणूस तो. मग त्यांनी अगदी सभ्यपणानं दार उघडलं आणि खाली उतरले.

"गाडी छान आहे हो. पण ही आमची नव्हे. ज्यांची आहे त्यांना द्या, आणि आमची आणा."

अक्कांनी समजावलं, नंबर दाखवला, आईनं काचेला लावलेलं चित्र दाखवलं. अण्णा पुन्हा आत बसले नाहीत. डबा उघडलाच नाही.

अक्कांच्या मोबाइलवर अण्णा गाडीत जेवत असतानाचं एक जुनं चित्रण होतं, अर्ध्या मिनिटाचं. ते मी मोबाइल कानाला लावून तीनदा ऐकलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक टॅपेट टिकटिकत होता. टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग, त्याची फट वाढली की तो वाजतो. आणि दर चौथ्या ठोक्याला इंजिन किंचित लंगडत होतं. माझ्यासारख्याच्या कानाला तो बिघाड. अण्णांच्या कानाला ती गाडी, ती संध्याकाळ आणि शेजारी बसलेली बायको होती. मी तो बिघाड काढून टाकला होता, शिवाय त्याचे तीन घावांत तुकडे केले होते.

अक्कांनी ते चित्रण अण्णांना ऐकवून बघितलं. अण्णा उठून फाटकापाशी गेले आणि गाडीची वाट बघत तासभर उन्हात उभे राहिले. पुन्हा तो आवाज घरात लावायचा नाही असं ठरलं.

मी निखिलला फोन केला. त्याच्या गाडीचं लहान हेड हवं होतं. "काका, विचारता काय, या आणि काढून न्या," तो म्हणाला, आणि स्वतः पाना घेऊन मदतीला उभा राहिला. ते हेड मी अण्णांच्या गाडीवर चढवलं. इंजिन पुन्हा लहान इंजिनासारखं वाजू लागलं, पण ते कुठल्याही लहान इंजिनासारखं. मग जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. मोबाइल कानाला लावून तिसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटची फट मी मुद्दाम वाढवली, कार्बोरेटर थोडा बिघडवला. सगळं आयुष्य जे दुरुस्त केलं तेच हातानं बिघडवत बसलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो मारुती पुसून आता पुन्हा गणपती काढत होतो.

गाडी हेब्बाळला नेली. अण्णा आत बसले. या वेळी बराच वेळ बसले. अक्कांनी डब्याचं झाकण काढलं. मी बाहेर उभा राहून मनात सगळ्या देवांना हाका मारत होतो. अण्णांनी काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

"मेस्त्री, तुमच्या गाडीचा टॅपेट वाजतोय. बघून घ्या. आमच्याही गाडीचा वाजतो. पण तो असा नाही वाजत."

अक्कांनी झाकण लावलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मी फाटकाबाहेर जाऊन रडलो. चाळीस वर्षांत कामापायी रडलो तो पहिल्यांदाच.

शिवाजीनगरच्या त्या कारागिराला मी नंतर भेटलो. फोडलेल्या हेडचा, तड्याच्या जागेचा तुकडा दाखवला. त्यानं नखानं तडा चाचपला आणि म्हणाला, "एवढाच? हे चाललं असतं की. लांबच्या प्रवासाला नाही, पण रोज तळ्यापर्यंत जाऊन यायला दोन वर्षं सहज." मी त्याला सगळी गोष्ट सांगितली नाही. तुकडे सांधता येतील का, असं विचारलं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पिशवी उचलून निघालो.

उस्तादांचा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तो अनोळखी माणसाला वाचवण्यासाठी होता. पण समोर उभी राहून एक बाई 'घरी नेऊ का' म्हणत होती, तिच्या हातून ते हेड कुणाच्या गळ्यात पडणार होतं? नियम पाळताना समोरचं माणूस बघायचं असतं, हे नबीसाहेबांनी वेगळं सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, एवढं तर मला कळतंच.

मग मी रोज संध्याकाळी हेब्बाळला जाऊ लागलो. के. आर. पुरमहून दोन बस. बायको म्हणाली, "तिथं जाऊन तुम्ही काय दुरुस्त करणार?" तिचं खरं होतं, पण घरी बसवत नव्हतं. अण्णा माझं नाव कधी लक्षात ठेवू शकले नाहीत, तरी मी गाडीवाला मेस्त्री हे त्यांना कुठून तरी उमगायचं. मला बघितलं की विचारायचे, "गाडी झाली का?" आणि मी म्हणायचो, "उद्या, अण्णा." ते ऐकलं की त्यांचा चेहरा निवळायचा. अक्का ती संधी साधून दोन चमचे पेज तोंडात घालायच्या. कधी तीन. डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं सुचवलं, ती अण्णांनी दोनदा ओढून काढली. चमचे कमी होत गेले.

ते गेले त्याच्या चार दिवस आधी मी त्यांच्या पलंगाशेजारी बसलो होतो. अक्का स्वयंपाकघरात पेज गाळत होत्या. अण्णांचं मनगट माझ्या दोन बोटांत मावेल एवढं झालं होतं. त्यांनी डोळे उघडले.

"गाडी झाली का?"

त्या दिवशी माझ्यानं खोटं बोलवलं नाही. मी त्यांचा हात धरला.

"नाही, अण्णा. तुमची गाडी माझ्या हातून मोडली. तिचं हेड मी फोडलं. फोडायला नको होतं. अक्का मागत होत्या, तरी फोडलं. ती आता परत येणार नाही."

मग त्यांनी माझ्या हातावर दुसरा हात ठेवला आणि थोपटलं.

"असू द्या, मेस्त्री. कामात होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

माझा बांध फुटला. मी मान खाली घालून हुंदके देत राहिलो आणि ते थोपटत राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला श्वास घेता येतोय असं वाटलं. अक्का वाटी घेऊन आत आल्या आणि दाराशीच थबकल्या.

अण्णांचा हात थांबला. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे, जणू मी आत्ताच आलो होतो.

"काय मेस्त्री, गाडी झाली का?"

अक्का वाटी घेऊन वाट बघत होत्या.

"उद्या, अण्णा," मी म्हणालो. आणि त्यांनी तोंड उघडलं.